पोपट देताना स्वभावही सांगा

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पोपट पाळण्यापूर्वी’. मी दिलेलं शीर्षक होतं, ‘पोपटाबद्दल आपण सगळे खोटं का बोलतो’. संयोजकांना ते जरा तिखट वाटलं. असो. गुरांच्या दवाखान्यात जन्म काढलेला, म्हशींच्या लाथा खाल्लेला हा माणूस पोपटावर काय बोलणार, असं काही चेहऱ्यांवर स्पष्ट वाचता येतंय. तर निवृत्तीनंतर माझ्या पडवीत सकाळी म्हशीवाले कमी आणि पिंजरेवाले जास्त येतात, एवढाच माझा अधिकार.

आधी एक उरकून टाकतो. आपला हिरवा, कंठवाला मिठू कोणाकोणाच्या घरी आहे? हात वर करू नका! वनखात्याचे साहेब तिसऱ्या रांगेत बसलेत. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा देशी पोपट पाळू देत नाही, विकूही देत नाही. मग तो कंठवाला असो, टोई असो की करण. ‘आजोबांच्या वेळेपासूनचा आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. आपला पोपट भाताच्या लोंब्यांवर थवा उतरतो तेव्हा बघायचा, शिव्या द्यायच्या आणि सोडून द्यायचा. आज बोलायचंय ते दुकानात मिळणाऱ्या परदेशी मंडळींबद्दल. बजी, कॉकाटील, लव्हबर्ड, कॉन्यूर, आफ्रिकन ग्रे.

आता माझ्या मावशीचं सांगतो. संयोजक घड्याळ बघतायत, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मावशी मालवणच्या आतल्या एका वाडीत एकटी राहते. मुलगा मुंबईला. एका चतुर्थीला तो मखराच्या सामानाबरोबर पिंजरा घेऊन उतरला. आत सन कॉन्यूर. पिवळाधमक, पोटाला केशरी झाक, दिसायला देखणाच. ‘आईला सोबत’ म्हणून आणलेला. विकणाऱ्याने सांगितलेलं, एकदम शांत आहे, महिन्याभरात बोलायला लागेल, शेजाऱ्यांना कळणारसुद्धा नाही.

हा पक्षी मूळचा गयाना आणि उत्तर ब्राझीलचा. तिथे तो थव्याने राहतो आणि लांब गेलेल्या सोबत्याला हाक मारतो. ती हाक माळरान ओलांडून जावी म्हणून बनलेली आहे. आपल्या माजघरात ती मावत नाही. आणि बोलण्याच्या बाबतीत कॉन्यूर बेताचेच. म्हणजे जे नाही ते आहे म्हणून सांगितलं आणि जे आहे ते गिळून टाकलं!

पहिल्या आरतीला टाळ वाजले मात्र, याने जो सूर लावला तो ‘घालीन लोटांगण’ संपलं तरी थांबेना. भजनाला आलेले बुवा पेटी मिटून म्हणाले, “ह्येका डबलबारीक नेवया. समोरचो बुवा उठान जातलो.” डबलबारी म्हणजे दोन बुवांचा समोरासमोर भजनाचा सामना.

पुढची गंमत वेगळीच. त्याने मावशीला आपलं माणूस ठरवलं. ती आडाळ्यावर खोबरं किसायला बसली की हा खांद्यावर, चोचीने तिच्या कुड्या चाचपत. ती दिसेनाशी झाली की हाका सुरू. “माका न्हाणीत जावक देना नाय मेलो,” ही तिची तक्रार, पण सांगताना हसायची. घरात बाकी जो येईल तो चोर. खुद्द मुलगासुद्धा.

मुलाला चावला तेव्हा मी समोर होतो. तो बोट पुढे करून ‘ये बाळा’ म्हणत होता. पक्ष्याच्या डोळ्याची बाहुली बारीक झाली, मोठी झाली, पुन्हा बारीक. मानेची पिसं उभी राहिली, शेपटी पसरली, अंग खाली दबलं. ‘जवळ येऊ नको’ हे याहून स्वच्छ कसं सांगायचं? बोट पुढे गेलं. चोच नखाच्या मुळाशी बसली, त्याने हात झटकला, पकड आणखी घट्ट झाली.

त्याच रात्री, बोटाला पट्टी बांधलेल्या हाताने, त्याने मोबाईलवर लिहिलं: ‘वेळेअभावी प्रेमळ पक्षी योग्य घरी देणे आहे.’

प्रेमळ! माझं खरं दुखणं हे आहे, मंडळी. दुकानदार पैशासाठी खोटं बोलतो, ते आपण गृहीत धरतो. पण आपण बोलतो ते लाजेपोटी. पोपट चावला म्हणजे आपल्याला सांभाळता आलं नाही, असं वाटतं. मग पुढच्या घरी तो ‘प्रेमळ’ म्हणून जातो, तिथे चावतो आणि आणखी पुढे जातो. स्थळ बघताना आपण मुलाचं कर्ज, व्यसन, मामाचा स्वभावसुद्धा काढतो. इथे रंग पाहिला की अक्षता!

मावशीने तो दिला नाही, हा भाग वेगळा. सत्तरी ओलांडलेली बाई मला विचारते, “मी गेलंय तर ह्येका कोण बघतलो?” कॉन्यूर वीस-पंचवीस वर्षं सहज काढतो. हे तिच्या मुलाला कोणी सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नव्हतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. शेवटची एसटी मलाही पकडायचीय. तर मूळ विषय.

कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या दारात वाढलाय. हे पोपट पिंजऱ्यात येऊन फार पिढ्या झालेल्या नाहीत. पहाटे-संध्याकाळी ओरडणं, कुरतडणं, एकालाच धरून राहणं हे खोड म्हणून मोजू नका, तो त्याचा नेहमीचा कारभार आहे. दुकानात दाखवतात ते हाताने भरवलेलं पिल्लू असतं. ते गरीबच असणार. वयात आलं की स्वभाव पालटतो. कॉकाटीलचा वर्षभरात, ग्रेचा काही वर्षांनी. तेव्हा त्याच जातीचा मोठा पक्षी ज्याच्या घरी आहे तिथे जा, आणि संध्याकाळी जा, दुपारी नको. दुपारी सगळेच शांत असतात, आपणसुद्धा.

ग्रे हुशार, बोलतो, सगळं खरं. पण चाळीस-पन्नास वर्षं जगतो आणि कंटाळला की स्वतःचीच पिसं उपटतो. २०१६ साली साइट्स करारात, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात, त्याला सर्वांत कडक यादीत टाकलं, कारण व्यापाराने जंगलातले थवे विरळ झाले. २०२४च्या नियमांप्रमाणे वन्यजीव कायद्याच्या यादीतल्या परदेशी पक्ष्यांची सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, कॉन्यूरचीसुद्धा. घेताना कागद मागा.

पक्षी देणाऱ्याने एक करावं. कोणाला चावतो, कधी ओरडतो, कशाला घाबरतो, हे कागदावर लिहून पिंजऱ्यासोबत द्यावं. ते वाचून गिऱ्हाईक पळालं तर पळू दे, आणखी एक घर वाचलं.

माईक बंद करताय? एकच. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, आणि आपल्याला वासही येत नाही. उरलेले प्रश्न बाहेर चहापाशी विचारा. म्हशींचेही चालतील.