जोड कोणाशी? सोफिया मॅटसनची कुस्ती

(पडद्यावर: निळी मॅट, मधला गोल, दोन कुस्तीगीर हात झटकत आत येतात.)

५ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिंपिक. माकुहारी मेस्सेच्या सभागृहात महिलांच्या ५३ किलो वजनगटाची पहिली फेरी सुरू आहे. आपल्याकडे सकाळ आहे, आणि घराघरांत टीव्हीवर विनेश फोगाट दिसतेय. अव्वल मानांकित, पदकाची पक्की दावेदार. विनेश ७-१ ने जिंकते. आपण टाळ्या वाजवतो आणि पुढच्या फेरीच्या हिशोबाला लागतो.

समोरच्या मुलीचं नाव त्या सकाळी बातमीत एका ओळीत येऊन गेलं. स्वीडनची सोफिया मॅटसन.

आपल्याकडे मैदान ठरलं की पारावर पहिला प्रश्न येतो, "जोड कोणाशी?" पैलवान किती मोठा, हे त्याच्यासमोर कोणाला उभं केलंय त्यावरून कळतं. हाच प्रश्न आज आपण सोफियासाठी विचारणार आहोत. कारण गेल्या दशकातल्या महिला कुस्तीतली जवळपास प्रत्येक मोठी बाई कधी ना कधी हिच्यासमोर उभी राहिलेली आहे.

(पडद्यावर: बर्फ, पाइनची झाडं, खाणीचा उंच मनोरा.)

सोफियाचा जन्म ११ नोव्हेंबर १९८९ चा, येलिवारे गावातला. स्वीडिश लोक हे नाव लिहिताना 'ग' लिहितात, म्हणताना मात्र 'य' म्हणतात. हे गाव आर्क्टिक वृत्ताच्याही वर आहे. राजधानी स्टॉकहोमपासून रस्त्याने हजार किलोमीटरहून जास्त. जूनमध्ये इथे सूर्य मावळत नाही. डिसेंबरात तो जेमतेम क्षितिजाला टेकतो, दुपारच्या वेळी तेवढा थोडा निळसर उजेड पडतो.

गाव जगतं ते खाणींवर. शेजारच्या गावाचं नाव माल्मबेरियेत, त्याचा अर्थच 'खनिजाचा डोंगर'. तिथल्या लोखंडाच्या खाणीने जमीन इतकी पोखरली की वस्तीच हलवावी लागली. घरं उचलून नेली, काही पाडली. दुसऱ्या बाजूला आयटिकची तांब्याची उघडी खाण. पाळीवर जाणारी माणसं, लांबच लांब थंडी, आणि थंडीत करायला आत एखादा हॉल. अशा ठिकाणी कुस्तीचा क्लब टिकून राहावा यात मला नवल वाटत नाही. आपल्याकडेही तालमी टिकल्या त्या कष्टकऱ्यांच्या वस्तीतच.

सोफिया खेळली ती आपल्याच गावच्या क्लबकडून, येलिवारे एसकेकडून. तिची थोरली बहीण योहाना हीसुद्धा कुस्तीगीर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्वीडन हा कुस्तीचा जुना देश. कार्ल वेस्टरग्रेन या त्यांच्या मल्लाने १९२०, १९२४ आणि १९३२ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. इवार योहानसनने १९३२ मध्ये एकाच ऑलिंपिकात फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन अशा दोन्ही प्रकारांत सुवर्ण घेतलं, आणि १९३६ मध्ये तिसरं. पण ही सगळी पुरुषांची यादी. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली १९८७ मध्ये, शेजारच्या नॉर्वेत. सोफियाच्या जन्माच्या दोन वर्षं आधी. आणि ऑलिंपिकमध्ये महिलांना मॅट मिळाली ती थेट २००४ मध्ये, अथेन्सला. तेव्हा सोफिया चौदा वर्षांची होती. म्हणजे ज्या स्वप्नासाठी ती घाम गाळत होती, ते तिच्या लहानपणी अस्तित्वातच नव्हतं.

(पडद्यावर: विजयमंच, निळा-पिवळा झेंडा वर जातो.)

२००९. डेन्मार्कमधलं हेर्निंग. जागतिक स्पर्धा, ५१ किलो. सोफिया मॅटसन विश्वविजेती झाली. वय १९.

इथून गोष्ट सरळ वर जायला हवी होती. पण ५१ किलो हा वजनगट ऑलिंपिकमध्ये नव्हता. त्या काळी महिलांना चारच गट होते: ४८, ५५, ६३ आणि ७२. एकावन्न किलोच्या मुलीने एकतर अंग कमी करून ४८ मध्ये जायचं, नाहीतर वाढवून ५५ मध्ये. लहान चणीच्या शरीरावर चार किलो म्हणजे काय, हे ज्याने वजनकाट्यावर उभं राहून श्वास रोखलाय त्याला विचारा. समोरची मुलगी त्या गटात मुळातच भरलेली असते. तिच्या पकडीत वजन असतं, तिचा पट काढताना, म्हणजे पाय धरून पाडताना, तुमचा खांदा तिच्या मांडीला लागतो तेव्हा भिंतीला लागल्यासारखा लागतो.

आणि ५५ किलोत राहत होती साओरी योशिदा.

योशिदाबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय सोफियाची गोष्ट कळणार नाही. जपानच्या मिए प्रांतातली ही मुलगी वडिलांच्या तालमीत घडली. वडील एईकात्सू स्वतः कुस्तीगीर, घरातच मॅट टाकलेली. त्यांनी मुलीला एक गोष्ट शिकवली: वाट बघायची नाही, पायात घुसायचं. योशिदाचा पट हा महिला कुस्तीतला सर्वांत ओळखीचा डाव. खडाखडीत हात गुंतलेले असताना ती अर्धं पाऊल मागे सरकल्यासारखी करते. समोरचीचा तोल नखभर पुढे येतो, आणि तेवढ्यात ती खाली जाऊन दोन्ही गुडघ्यांमागे हात घालते. डोळ्यांना दिसतं तोवर पाय उचललेले असतात. ही युक्ती सगळ्या जगाला ठाऊक होती, सगळ्यांनी तिच्या चित्रफिती घासून घासून पाहिल्या होत्या. तरी २००८ च्या जानेवारीपर्यंत तिने लागोपाठ ११९ लढती जिंकल्या. २००४, २००८, २०१२, तिन्ही ऑलिंपिक सुवर्णपदकं तिचीच.

हिच्या राज्यात सोफिया आली.

२०१३, बुडापेस्ट. जागतिक स्पर्धा, ५५ किलोची अंतिम लढत. योशिदा विरुद्ध मॅटसन. योशिदा जिंकली.

२०१४, ताश्कंद. गट आता ५३ किलोचा, अंतिम लढत तीच. योशिदाचे वडील त्याच वर्षी मार्चमध्ये गेले होते. दुःख पोटात घेऊन ती मॅटवर आली आणि पुन्हा जिंकली. सोफियाला पुन्हा रौप्य.

२०१५, लास व्हेगास. तिसऱ्यांदा तीच जोड, तीच अंतिम लढत. या वेळी गुणफलक होता २-१.

क्षणभर इथे थांबू या. सहा मिनिटांच्या कुस्तीत शेवटी फरक उरला एका गुणाचा. एकदा समोरचीला खाली आणून ताबा घेतला की दोन गुण मिळतात. म्हणजे एकच यशस्वी पट, एकदाच योशिदाच्या पाठीमागे जाता आलं असतं, तर योशिदाच्या सलग जागतिक विजेतेपदांची मालिका त्या रात्री तुटली असती. ती तुटली नाही. योशिदाचं ते तेरावं जागतिक विजेतेपद ठरलं. सोफियाच्या गळ्यात सलग तिसरं रौप्य.

लोक म्हणतात, सुवर्ण जिंकलं जातं, रौप्य हरून मिळतं. मला हे बोलणं कधीच पटलं नाही. सलग तीन वर्षं जागतिक अंतिम फेरी गाठायची म्हणजे तीन वेळा अर्धा गट पार करायचा. रशिया, चीन, कोरिया, अमेरिका, युक्रेन, जी समोर येईल तिला. त्या तीन वर्षांत सोफियाखेरीज दुसरी कोणीही योशिदासमोर त्या शेवटच्या मॅटवर उभी राहू शकली नाही. पुढे जे होणार होतं, त्याची पहिली भेग मला त्या २-१ मध्येच दिसते.

(पडद्यावर: वर्तमानपत्रांची कात्रणं.)

आता मधली एक घडामोड, जी नसती तर सोफियाचं पदकही नसतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीच २०२० पासून वगळायची शिफारस केली. जगभरच्या तालमी हादरल्या. आंतरराष्ट्रीय संघटनेला घाईने घर आवरावं लागलं. नियम सोपे झाले. तीन छोट्या डावांची जुनी पद्धत गेली, तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि गुणांची एकत्र बेरीज आली. सप्टेंबरमध्ये ब्यूनस आयर्सच्या मतदानात कुस्ती वाचली. आणि त्याच साफसफाईत महिलांचे ऑलिंपिक वजनगट चारवरून सहा झाले. नव्या गटांत एक होता ५३ किलो. एवढी वर्षं दोन पाटांच्या मध्ये अडकलेल्या सोफियाला शेवटी आपल्या मापाचा गट मिळाला. योशिदाही त्याच गटात उतरली, हा भाग वेगळा.

(पडद्यावर: रिओ, करिओका अरेना २.)

१७ ऑगस्ट २०१६. ५८ किलो गटात एक लढत लागली. भारताची साक्षी मलिक विरुद्ध स्वीडनची मॅटसन. ही योहाना, सोफियाची थोरली बहीण. साक्षी ५-४ ने जिंकली. पुन्हा एकच गुण! साक्षी पुढे उपांत्यपूर्व फेरीत हरली, रेपेचेजमधून, म्हणजे हरलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीतून, परत आली आणि आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर तिने कांस्य जिंकलं. भारतीय महिला कुस्तीचं पहिलं ऑलिंपिक पदक. त्या रात्री जागलेल्या कुणालाच योहाना आठवत नसेल. पण साक्षीच्या त्या दिवसाचं पहिलं दार तिने अडवलं होतं, आणि ते फार मुश्किलीने उघडलं होतं.

त्याच दिवशी, त्याच सभागृहात, ६९ किलोमध्ये येनी फ्रान्सनने कांस्य घेतलं. स्वीडनच्या महिलांचं कुस्तीतलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. दोन देश, एक दिवस, दोघांच्याही मुलींचं पहिलं पदक. असा योग मला दुसरा ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सोफियाचा गट. आपली बबिता कुमारीही याच ५३ किलोत होती, ती पहिल्याच लढतीत ग्रीसच्या मारिया प्रेव्होलाराकीकडून हरली. तेव्हा सगळ्या फेऱ्या एका दिवसात उरकत. सकाळी पहिली लढत, संध्याकाळी पदक. अंगावरचे ओरखडे सुकायच्या आत पुढची हाक येई. सोफिया उपांत्य फेरीत पोहोचली. दुसऱ्या बाजूने योशिदा येत होती. सगळ्यांना चौथ्यांदा तीच जोड दिसू लागली होती.

ती लागली नाही. मध्ये अमेरिकेची हेलन मारूलिस उभी राहिली. तिने उपांत्य लढतीत सोफियाला हरवलं, आणि मग अंतिम फेरीत, तेरा जागतिक आणि तीन ऑलिंपिक सुवर्णांच्या योशिदाला ४-१ ने. मॅटवर बसून रडणारी योशिदा त्या ऑलिंपिकचं चित्र बनली.

सोफियाचं काय? हरलेल्या उपांत्य लढतीनंतर मन गोळा करायला पैलवानाला फार वेळ मिळत नाही. ज्या क्षणासाठी इतकी वर्षं तयारी केली तो क्षण दुसरीच कोणीतरी घेऊन गेलेली असते, आणि तरी तुम्हाला परत एकदा तोच गोल, तीच शिट्टी, तीच सहा मिनिटं. सोफिया चीनच्या झोंग शुएचुनसमोर आली आणि जिंकली. ऑलिंपिक कांस्य. तिच्या सगळ्या पदकांत हे मला सर्वांत अवघड वाटतं.

यानंतरची वर्षं भरभर सांगतो. २०१८ पासून वजनाची पद्धत बदलली. लढतीच्या सकाळीच काट्यावर उभं राहायचं, दोन दिवस लढती असतील तर दोन्ही सकाळी. आदल्या दिवशी वजन देऊन रात्रभर खाऊन-पिऊन अंग भरायची जुनी सोय संपली. सोफिया तिशीकडे झुकली होती. नव्या मुली वेगाने येत होत्या, आणि त्यांत ४८ आणि ५० किलोतून वर सरकलेली विनेश फोगाट होती.

सप्टेंबर २०१९, कझाकस्तानातलं नूर-सुलतान. जागतिक स्पर्धेची पहिलीच लढत, विनेश विरुद्ध सोफिया. १३-० असा निकाल, तांत्रिक गुणाधिक्याने, म्हणजे गुणांचा फरक मोठा झाला म्हणून लढत वेळेआधीच थांबली. रिओची पदकविजेती इतकी एकतर्फी हरताना पाहणं सोपं नव्हतं. विनेश त्या स्पर्धेत कांस्य जिंकली आणि टोकियोचं तिकीटही घेऊन गेली.

आता ती टोकियोची सकाळ पुन्हा बघा.

(पडद्यावर: सुरुवातीचंच दृश्य.)

ड्रॉ निघाला आणि सोफियाच्या नावासमोर पुन्हा विनेश. वय ३१. दोन वर्षांपूर्वी जिच्याकडून तेरा गुण खाल्ले, तिच्यासमोर पहिल्याच फेरीत. घाबरायला पुरेसं कारण होतं. ती आली, भिडली, सहा मिनिटं पुरी लढली. ७-१.

रेपेचेजचा नियम असा, की तुम्हाला हरवणारी अंतिम फेरीत गेली तरच तुमच्यासाठी दार उघडतं. म्हणजे त्या दुपारी सोफियाचं भवितव्य विनेशच्या हातात होतं. विनेशची पुढची लढत बेलारूसच्या वानेसा कालाझिन्स्कायाशी. विनेश चितपट झाली. सगळा भारत हळहळला. येलिवारेतही कुणीतरी त्याच क्षणी हळहळलं असणार. पाच वर्षांपूर्वी रिओत साक्षी उपांत्यपूर्व फेरीत हरली, तेव्हा योहानासाठीही दार असंच बंद झालं होतं.

(पडद्यावर: येलिवारे, रात्रीचे अकरा वाजलेत आणि ऊन पडलंय.)

एक जागतिक सुवर्ण. योशिदासमोरची तीन रौप्यं. एक ऑलिंपिक कांस्य. आणि समोर उभ्या राहिलेल्यांत साओरी योशिदा, हेलन मारूलिस, झोंग शुएचुन, विनेश फोगाट.

जोड कोणाशी, असं पारावर कोणी विचारलं, तर एवढी नावं सांगा.