दाणा आणि गोळीचा आवाज

‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ ही सर्जिओ लिओने यांची १९६६ सालची चित्रपटकृती घरी पाहण्यासाठी कोणती आवृत्ती घ्यावी, असे मला अनेकदा विचारले जाते. उत्तर देण्यापूर्वी ती कोणत्या फिल्मवर उतरली, हे सांगणे भाग आहे. नेहमीच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवर रुंदपडदा चित्रपटाची एक चौकट फिल्मच्या कडेच्या चार छिद्रांच्या उंचीची असते; टेक्निस्कोप पद्धतीत ती दोनच छिद्रांची असे. त्यामुळे फिल्म निम्मी लागे आणि साध्या भिंगांनीही रुंद चित्र मिळे. मात्र इतकी लहान चौकट पडद्याएवढी वाढवताना फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातले बारीक ठिपकेही तिच्याबरोबर वाढत. म्हणजे ज्याला आपण ग्रेन म्हणतो, तो या चित्रावर साचलेला मळ नाही. चित्र त्याचेच बनलेले आहे.

ही गोष्ट विसरून एका ब्लू-रे आवृत्तीत संगणकाने दाणा पुसला. दाढीचे खुंट, घामाचे थेंब आणि उन्हाने रापलेल्या कातडीवरच्या सुरकुत्या, म्हणजे लिओने ज्यांच्यासाठी कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ नेत, तेच दाण्याबरोबर गेले आणि नटांचे चेहरे मेणाचे दिसू लागले. २०१४च्या फोर-के आवृत्तीत बारकावे परतले खरे, पण सगळ्यावर पिवळी झाक चढली आणि पांढऱ्या ढगांनासुद्धा कावीळ झाली.

आवाजाचे प्रकरण मला याहून गंभीर वाटते. चित्रीकरणाच्या वेळी नट आपापल्या भाषेत बोलत आणि संवाद नंतर भरले जात, तेव्हा ओठ आणि शब्द जुळत नसतील, तर तो दोष तुमच्या यंत्राचा समजू नका. इंग्रजी आवृत्तीतून वगळलेले प्रसंग २००३ साली परत आणले गेले. त्यांचे संवाद सत्तरी ओलांडलेले नट क्लिंट ईस्टवुड आणि ऐंशी ओलांडलेले इलाय वॉलक यांनी नव्याने म्हटले. तिसरे प्रमुख नट ली व्हॅन क्लीफ १९८९ सालीच वारले असल्याने त्यांच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज आला. तरुण चेहऱ्यामागचा तो थकलेला घसा कानाला खटकतो, पण तेवढे मी सोसतो. सोसवत नाही ती बंदूक. फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे अनेक स्पीकरांसाठी केलेल्या नव्या मिश्रणात गोळ्यांचे मूळ आवाज काढून त्यांच्या जागी नवे, जड आवाज बसवले गेले. लिओने यांची गोळी खऱ्या गोळीसारखी कधीच नव्हती. ती कोरडी, चाबकासारखी फुटे आणि मोरिकोने यांच्या संगीतातले एक वाद्य होऊन जाई.

म्हणून माझे उत्तर असे: मूळ मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची ध्वनिपट्टी असलेली आवृत्ती घ्या आणि टीव्हीवरचा शार्पनेस अगदी खाली आणा. आता कब्रस्तानातले शेवटचे द्वंद्व मी दोन्ही पट्ट्यांवर लावतो, आधी मोनो. संगीतातला कर्णा थांबला की कान द्या.