पेन्सिलीच्या खुणा

(दृश्य : शाळेचा हॉल, संध्याकाळ. भिंतीकडेला सरकवलेले बाक.)

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते आमच्या सांगलीत. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो तो त्यामुळेच. अशा गावात वाढलेल्या माणसाला वाटतं, नाटक आपल्या घरचंच आहे.

दिवसा मी पतसंस्थेत कॅश सांभाळतो. हौशी रंगभूमी आमच्यासारख्यांच्या जिवावर चालते. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून आहे. तिच्यासाठी गावोगावचे शिक्षक, कारकून, दुकानदार कामावरून सुटले की तालमीला पळतात. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. तेही आधी हौशी नाटकंच करायचे, पूर्ण वेळ नट झाले १९६९ मध्ये.

(दृश्य : झेरॉक्सचा कागद, जवळून.)

स्पर्धेच्या नाटकासाठी एका संस्थेनं ऑडिशन ठेवली होती. उतारा आधी मागितला, तर म्हणाले, ‘आल्यावर देऊ.’ सहाला गेलो, नंबर लागला सव्वानऊला. कागद हातात आला आणि माझी नजर समासावर गेली. पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘डावीकडून एंट्री. थांब. खुर्चीची पाठ धर.’ वर एका मुलाचं घरातलं नाव. तो मुलगा दिग्दर्शकाच्या शेजारीच बसला होता.

म्हणजे मूव्हमेंट्स बसवून झाल्या होत्या. तालमी चालू होत्या. तरी मी वाचलं, जीव ओतून वाचलं. निम्म्यावर दिग्दर्शकांनी मोबाइल उचलला. शेवटी म्हणाले, ‘कळवतो. आणि प्रॉम्प्टिंगला याल का?’

प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विंगेतून नटांना वाक्यं सांगण्याला, मी हलकं मानत नाही. पडदा ओढण्यापासूनच सुरुवात केली आहे मी. आणि जी पोरं वर्षानुवर्षं सेट उचलतात, पदरमोड करतात, त्यांना आधी भूमिका मिळावी हेही मला पटतं. मग तसं सांगा ना! ‘भूमिका ठरलीय, मागचं काम बघायला या,’ एवढं म्हणाला असतात तर दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला हजर झालो असतो. ठरलेल्या जागेसाठी माणसांना तीन-तीन तास बाकावर बसवायचं, हे मला सहन होत नाही.

माझ्या शेजारी तासगावची एक मुलगी होती. तिचे वडील गेटबाहेर मोटारसायकलवर बसून होते, हेल्मेट मांडीवर. दर थोड्या वेळानं ती खिडकीतून त्यांना हातानं खुणावायची, ‘अजून नाही.’ मी निघालो तेव्हाही तिचा नंबर आला नव्हता.

(दृश्य : रात्रीचा बसस्टॉप.)

तो कागद मी परत दिला नाही. मिरजेची बस येईपर्यंत स्टॉपवर उभा राहून तोच उतारा पुन्हा वाचला, मोठ्यानं. या खेपेला एंट्री उजवीकडून घेतली.