वहिनी, घरात पाणी कोण घालतं?

(दृश्य: सांगली-मिरज रोडवरची नर्सरी, रविवार सकाळ, काळ्या पिशव्यांतल्या रोपांच्या रांगा)

सांगली-मिरज रोडला सुट्टीच्या दिवशी कुठल्याही नर्सरीत जरा वेळ उभं राहा, हा संवाद कानावर पडणारच. "काका, घरात ठेवायला कायतरी द्या, पण मरणार नाही असं द्या हां." आणि काका रोप दाखवायच्या आधी विचारतात, "वहिनी, घरात पाणी कोण घालतं?"

प्रश्न एकदम बरोबर आहे बघा. घरातली झाडं तहानेनं कमी मरतात आणि पाण्यानं जास्त. सकाळी सासूबाई घालतात, दुपारी पोरं घालतात, संध्याकाळी ऑफिसवरनं आलेला माणूस पण तांब्या घेऊन उभा. त्यात आपल्याकडं मातीची वेगळीच भानगड. मळ्यातनं पोतंभर काळी माती आणायची आणि कुंडी गच्च भरायची, ज्या मातीत ऊस दणकून येतो त्यात एवढंसं रोप का येणार नाही! पण ही माती चिकण, पाणी धरून ठेवणारी, आणि कुंडीत त्या पाण्याला जायला जागाच नसते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते ओ, मातीतल्या बारीक पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि मग कुजतात. जादा पाणी दिल्यानं कृष्णाकाठच्या जमिनी क्षारपड झाल्या, वर पांढरं फुटलं, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. बोअरचं पाणी घालत असाल तर घरातली कुंडी जरा जवळनं बघा, काठाला तसाच पांढरा थर धरलेला दिसेल.

(दृश्य: कुंडीच्या काठावरचा पांढरा थर, अगदी जवळून)

म्हणून आधी माती. लाल माती, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि जाड वाळू साधारण सारखी घ्यायची, वर मूठ-दोन मूठ गांडूळखत. कुंडीला खाली भोक पाहिजे म्हणजे पाहिजेच. ती चिनी मातीची देखणी कुंडी घ्यायचीच असेल तर प्लॅस्टिकच्या कुंडीतलं झाड तिच्यात नुसतं ठेवायचं, पाणी बाहेर काढून घालायचं, निथळलं की परत आत.

आता झाड. घाईत असणाऱ्या, विसरभोळ्या माणसानं डोळे झाकून स्नेक प्लांट घ्यावं. मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. बाकीची बहुतेक झाडं पानांवरची छिद्रं दिवसा उघडतात, हे रात्री उघडतं, त्यामुळं उन्हाच्या वेळी पाणी उडून जात नाही आणि दोन-तीन आठवडे विसरलात तरी त्याचं काही बिघडत नाही. लाड केलात तर मात्र बिघडतं. हे बघा, या पानाचं बूड. मऊ पडलंय, पिवळट झालंय, नुसतं धरलं तर हातात आलं आणि वास पण येतोय. वरनं अर्धं पान अजून हिरवंगार, त्यामुळं माणसाला कळतच नाही आणि तो अजून पाणी घालतो.

झीझी प्लांट पण तसंच कमी पाण्यावर जगणारं, मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात त्यात पाणी साठवून ठेवतं, अंधाऱ्या जिन्यात पण तग धरतं, फक्त वाढतं फार सावकाश.

मनी प्लांटचं तर काय सांगायचं, शेजारणीकडनं फांदी मागून आणायची, गाठीच्या जरा खाली कापायची, गाठ पाण्यात बुडेल अशी बाटलीत ठेवायची, मुळं तिथनंच फुटतात. पाणी आठवड्याला बदलायचं. ("चोरून आणलं तर जास्त वाढतं" म्हणतात, ते आपलं आपण ठरवा.) एक लक्षात ठेवा, मनी प्लांट आणि झीझी दोन्ही अळूच्या कुळातली, पानात तेच खाजरे स्फटिक. रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर ही दोन्ही उंचावर ठेवा आणि खाली स्पायडर प्लांट ठेवा. तो बिनविषारी, आणि पावसाळ्यात फोडशीची भाजी खाता ना, तिचाच भाऊबंद. बोअरच्या पाण्यानं त्याच्या पानांची टोकं करपतात, पावसाचं पाणी धरून घातलं तर बरं.

आणि हवा शुद्ध होते म्हणून झाडं विकतात ना, ते सोडून द्या. त्यासाठी नासाच्या ज्या प्रयोगाचा दाखला देतात तो 1989 चा, छोट्या बंद पेटीतला. 2019 मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला तेव्हा दिसलं की खिडकी-दारातनं जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडनं करून घ्यायचं तर एका चौरस मीटरला किमान 10 झाडं लागतील. मग माणसं कुठं राहणार?

जागा ठरवायला दुपारी हात आडवा धरून सावली बघा. ठसठशीत पडली तर कोरफड ठेवा, पुसट पडली तर वरची सगळी चालतील, पडलीच नाही तर झीझी नाहीतर स्नेक प्लांट. पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिल-मेमध्ये मात्र मनी प्लांट भाजून निघतं, ते आत घ्या.

(दृश्य: मातीत बोट घालणारा हात)

पाणी कधी? वार ठरवू नका, बोट घाला. दोन पेरं आत कोरडं लागलं तर घाला, गार ओलसर लागलं तर तांब्या खाली ठेवा. स्नेक प्लांट आणि झीझीला तर सगळी माती वाळू द्या. आणल्या आणल्या कुंडी बदलू नका, पंधरा दिवस आहे तसंच राहू द्या, खालची एखाद-दोन पानं पिवळी पडतील ती तोडून टाका, आणि खताची पुडी नवं पान फुटेपर्यंत उघडूच नका.