बंगल्यात सुरू झालेले कॉलेज : ऑक्सफर्डचे लेडी मार्गारेट हॉल

मित्रहो, ऑक्सफर्डच्या वास्तूंचा विषय निघाला की दगडी प्रवेशद्वारे, हिरवळीचे चौक आणि उंच मनोरे हेच डोळ्यांपुढे येते. आज मला बोलायचे आहे ते त्या शहराच्या उत्तरेला, नॉरहॅम गार्डन्स या रस्त्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या, पांढुरक्या विटांच्या एका गॉथिक धाटणीच्या बंगल्याविषयी. १८७९ साली नऊ विद्यार्थिनी या बंगल्यात राहायला आल्या आणि लेडी मार्गारेट हॉल हे स्त्रियांसाठीचे कॉलेज सुरू झाले. पुढची अनेक दशके तिथे नव्या इमारती उभ्या राहत गेल्या, पण त्या पहिल्या घराची खोल्या मांडण्याची रीत त्यांच्यातही उतरली, आणि मला या वास्तूत सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

हा परिसर त्या काळी सेंट जॉन्स कॉलेजच्या मालकीचा होता. नॉरहॅम मॅनर या वसाहतीचा आराखडा १८६०मध्ये विल्यम विल्किन्सन या वास्तुविशारदाने तयार केला आणि भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. घरे बांधली ती शहरातल्या सुखवस्तू व्यापाऱ्यांनी, व्यावसायिकांनी आणि काही प्राध्यापकांनी. कॉलेजांच्या बहुसंख्य फेलोंना, म्हणजे अध्यापक-सदस्यांना, त्या काळी लग्न करण्याची मुभा नव्हती. ते बंधन पुढे सैल झाले, तशी उत्तर ऑक्सफर्डची वस्ती वाढत गेली. इथल्या बंगल्यांवर गॉथिक शैलीचा ठसा आहे: उतरत्या छपरांचे उंच त्रिकोणी दर्शनी भाग, टोकदार कमानी, खिडक्यांच्या दगडी चौकटी, आणि डावी बाजू उजवीसारखी असलीच पाहिजे असा कोणताही आग्रह नसलेली रचना. विल्किन्सनने १८६९ साली बांधलेले याच रस्त्यावरचे तेरा क्रमांकाचे घर, ज्यात पुढे सर विल्यम ऑस्लर हे विख्यात वैद्य राहिले, ते पाहिले की ही शैली किती आत्मविश्वासाने वापरली जात होती हे कळते.

मात्र अशा बंगल्याचा खरा स्वभाव बाहेरच्या नक्षीत नसतो, तो आतल्या मांडणीत असतो. अर्धे जमिनीत गेलेले तळघर आणि त्यात स्वयंपाकघर. त्यावर दिवाणखाना, जेवणघर आणि यजमानाची अभ्यासिका. पहिल्या मजल्यावर निजण्याच्या खोल्या. त्याहून वर मुलांच्या आणि नोकरांच्या खोल्या. नोकरांसाठी बहुधा वेगळा, अरुंद जिना. कोणी कुठून यायचे आणि कुठपर्यंत जायचे, याचा सगळा निवाडा भिंतींनीच करून ठेवलेला असे.

कॉलेजसाठी हे घर घेतले गेले, तेव्हा ही मांडणी मोडावी लागली नाही. जेवणघरात सर्वांनी मिळून जेवायचे, दिवाणखान्यात सर्वांनी बसायचे आणि निजण्याच्या खोलीतच विद्यार्थिनीने टेबल मांडून अभ्यास करायचा. पहिल्या प्राचार्या एलिझाबेथ वर्ड्‌सवर्थ या घरातल्या वडीलधाऱ्या बाईंच्या जागी आल्या. या कामी पुढाकार घेणारे कीबल कॉलेजचे प्रमुख एडवर्ड टॅल्बट आणि त्यांचे सहकारी यांच्यापाशी मोठा निधी नव्हता आणि विद्यापीठाचा स्त्रियांना पदवी देण्याचा विचारही नव्हता. ती पदवी मिळायला १९२० साल उजाडले. माझ्या मते, मुलींना शिकायला दूर पाठवताना धास्तावलेल्या आईवडिलांना, एका सभ्य कुटुंबाच्या घरासारखे दिसणारे हे घर जितका दिलासा देऊ शकले, तितका कोणताही मनोरा देऊ शकला नसता.

आता मुख्य मुद्दा. ऑक्सफर्डच्या जुन्या, एके काळी फक्त पुरुषांच्या असलेल्या कॉलेजांत खोल्या जिन्यांभोवती रचलेल्या असतात. चौकातून थेट जिन्याचे दार लागते, प्रत्येक मजल्यावर मोजक्याच खोल्या असतात, आणि रीतीप्रमाणे एकेका विद्यार्थ्याला बसण्याची व निजण्याची अशा दोन खोल्या मिळत. लेडी मार्गारेट हॉलमध्ये जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १८८०च्या दशकात बेझिल चँपनीज यांनी मूळ घराला लाल विटांची नवी बाजू जोडली. केंब्रिजमध्ये स्त्रियांच्या न्यूनहॅम कॉलेजच्या इमारती उभारण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांनी गॉथिक सोडून, त्या काळी क्वीन ॲन म्हणून ओळखली जाणारी, उंच पांढऱ्या खिडक्यांची प्रसन्न शैली घेतली. पण जिन्यांची रचना मात्र घेतली नाही. घराच्या आत असतो तसा लांब बोळ, त्याच्या कडेने एकेकीची एकच खोली, आणि सर्वांची ये-जा एकाच मुख्य दारातून. या रचनेत देखरेख होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच बोळामुळे विद्यार्थिनींना पावसात बाहेर न पडता एकमेकींच्या दारावर थाप मारता येत होती. स्त्रियांच्या कॉलेजांतल्या घट्ट मैत्रीला या बोळांचाही हातभार लागला असावा, असे मला मनापासून वाटते.

१८७९ सालीच सुरू झालेल्या, स्त्रियांच्या समरव्हिल कॉलेजचा आरंभही वॉल्टन हाउस या घरातच झाला. ते घर व्हिक्टोरियन काळाच्या थोडे आधीचे. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली तिथे दाखल झाल्या. येरवड्याजवळची डेक्कन कॉलेजची गॉथिक इमारत कॉलेजसाठीच म्हणून बांधलेली आहे. तिथून निघालेली विद्यार्थिनी ऑक्सफर्डला पोचली ती एका घराभोवती वाढणाऱ्या कॉलेजात. १८९२मध्ये तिने तिथे कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी तिच्या हाती यायला पुढची तीस वर्षे गेली.

लेडी मार्गारेट हॉलचा पुढचा विस्तार १८९६पासून रेजिनाल्ड ब्लोमफील्ड यांनी केला. चेरवेल नदीच्या बाजूला, बागेकडे तोंड करून, लाल विटांच्या भारदस्त इमारती एकामागून एक उभ्या राहिल्या. १९३०च्या दशकात जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी बायझंटाइन वळणाचे प्रार्थनामंदिर बांधले. मात्र इतके झाले तरी रस्त्याकडून येणाऱ्याला भव्य प्रवेशद्वार दिसत नव्हते. बंदिस्त चौक आणि त्याचे दार या कॉलेजला मिळाले ते १९६०च्या दशकात, रेमंड एरिथ यांच्या संयत, अभिजात वळणाच्या इमारतींमुळे. नवी इमारत उभारताना जुने घर पाडण्याचा मोह त्या काळी पुष्कळ ठिकाणी आवरला गेला नाही. इथे ते घर राखले गेले; चँपनीज यांची लाल बाजू आजही त्याच्या पांढुरक्या विटांना लागून उभी आहे आणि दोन्ही मिळून ती वास्तू ओल्ड हॉल म्हणून वापरात आहे.