रेवसचा धक्का

नमस्कार मंडळी! आज जरा रेवसला जाऊया, अलिबाग तालुक्यात धरमतर खाडीच्या तोंडावर, समोर उरणकडचं करंजा, आणि मधे पाण्यापेक्षा गाळच जास्त. त्या गाळाचं सांगतोच, पण रेवस म्हटलं की लोकांना आधी रामदास बोट आठवते.

रस्ते धड नव्हते तेव्हा मुंबईला जायचं म्हणजे बोटच, आणि आपल्या माणसांनी उभी केलेली कंपनी म्हणून लोक कौतुकाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणायचे, बोटींना नावं संतांची. तुकाराम १९२७ च्या नोव्हेंबरातल्या वादळात गेली. रामदास १७ जुलै १९४७ ला, ऐन गटारी अमावस्येला, सकाळी आठला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ कलंडली, सहाशेवर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नाही, त्यामुळे मुंबईला दुपारपर्यंत पत्ताच नाही! जी काही माणसं वाचली त्यातली बरीच कोळ्यांनी मचव्यात ओढून घेतली.

आता गाळ. अंबा आणि पाताळगंगा दोघी याच खाडीत येतात, माती आणून टाकतात, उपसा केला तरी परत तेच. ओहोटीला मुंबईची लाँच धक्क्याला लागतच नाही, जबरदस्तीने आणली तर पंखा चिखलात फिरतो. आणि गंमत बघा, अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सगळ्यात खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला, नेमकी नोकरीवाल्यांच्या टायमाला. त्यामुळे इथे घड्याळाआधी तिथी बघायची.

मग माणसं जवळच्या मांडवा बंदराकडे वळली यात नवल काय, तिथे पाणी बरं, गेटवेच्या लाँच आहेत, मार्च २०२० पासून रो-रोत गाडी घालूनच जाता येतं. रेवस-करंजा पुलाचं तर अंतुलेसाहेब मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतोय, काम आत्ता कुठे हाती घेतलंय, तोवर तरीच्या बोटीत स्कूटर चढवायची आणि पलीकडे उतरायचं.

पण मांडव्याचं कौतुक करणाऱ्यांना एक सांगतो, पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद होतात आणि रेवसची, आतल्या बाजूला असल्यामुळे, भर पावसातही चालू असते. तेव्हा जुलै-ऑगस्टात जाणार असाल तर भाऊचा धक्का गाठा, फक्त निघायच्या आधी ओहोटी कधीची ते विचारून घ्या.