संगिनीचा सांधा

मंडळी, संगीन म्हटली की सगळ्यांची नजर पात्याकडे जाते. आज आपण तिचं दुसरं टोक पाहू. कारागिरांनी खरं डोकं खपवलं ते तिथे: बंदुकीला हे पोलाद पक्कं बसवायचं कसं?

सतराव्या शतकातली संगीन म्हणजे निमुळत्या लाकडी मुठीचा खंजीर. ती मूठ थेट नळीच्या तोंडात बुचासारखी ठोकायची. बूच बसलं की बंदूक मुकी, आणि विसरून चाप ओढला तर नळी फुटायची भीती. मूठ सैल बसली तर भोसकल्यावर पातं शत्रूकडेच राहायचं. घट्ट ठोकली आणि लाकूड ओल धरून फुगलं, तर निघता निघायची नाही. 27 जुलै 1689 ला स्कॉटलंडमधल्या किलीक्रँकी इथे जनरल मॅकेच्या सरकारी पलटणींनी शत्रू जवळ येईपर्यंत गोळी राखून ठेवली. बार उडाला, शिपाई संगिनी ठोकायला लागले, आणि तेवढ्यात उतारावरून धावत आलेले हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले बंडखोर, तलवारी घेऊन अंगावर आले.

तोडगा निघाला तो नळकांड्याचा. नळीच्या तोंडात काही घालायचंच नाही, बाहेरून पोकळ नळकांडं चढवायचं. फ्रान्समध्ये लष्करी अभियंता व्होबाँने हा प्रकार उचलून धरला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पायदळातले भालेकरी हद्दपार झाले, कारण आता प्रत्येक बंदूकवाल्याच्या हातात भालाही होता.

इंग्रजांच्या ब्राउन बेस बंदुकीचं उदाहरण घ्या. नळकांडं साधारण 4 इंच, पातं 17 इंच. नळकांड्यात दोनदा वळलेली खाच असते आणि नळीवर, तोंडाजवळ, एक चौकोनी खुंटी. खाच खुंटीवर आणा, खाली सरकवा, फिरवा, पुन्हा खाली दाबा, झाली चढवून. पातं नळीच्या उजवीकडे राहतं आणि त्याची मान बाहेर वाकवलेली असते, म्हणजे दारूगोळी ठासायचा गज आत-बाहेर करताना हात चिरत नाही. पात्याला तीन कडा आणि कडांमध्ये पन्हळ, कारण त्यामुळे कमी वजनात ताठपणा मिळतो. ‘तिकोनी जखम भरून येऊ नये म्हणून’ ही कथा लोकांना फार आवडते, पण लोहाराचा हिशेब साधा होता.

आता यातली खोट. खुंटी खाचेत बसते, पण तिला अडवून धरणारं काहीच नाही. नळ्या हातघडणीच्या, त्यामुळे प्रत्येक संगीन ज्या-त्या बंदुकीला कानस मारून बसवायची. अदलाबदल झाली की एक हलते, दुसरी चढतच नाही. म्हणूनच जुन्या संगिनींवर आकडे कोरलेले दिसतात. हलणारी संगीन झटापटीत शत्रूने पिरगळली की निघून यायची. फ्रेंचांनी 1777 च्या बंदुकीसाठी नळकांड्यावर फिरती कडी बसवली. इंग्रजांचा स्प्रिंग-खटका तर त्यानंतर कित्येक दशकांनी आला.

म्हणजे 23 सप्टेंबर 1803 ला असईच्या मैदानात इंग्रजांच्या 78व्या हायलँडर पलटणीकडे होती ती साधी खाच-खुंटीचीच संगीन. शिंद्यांच्या तोफांपासून सुमारे 50 यार्डांवर त्यांनी एक फैर झाडली आणि धाव घेतली. बंदूक पुन्हा भरायला 15 ते 20 सेकंद लागतात. तेवढ्यात हे अंतर तुटतं. सगळी मेख या हिशेबात आहे. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तिथेच भोसकले गेले. पण काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडले होते. पलटण पुढे गेल्यावर त्यांनी तोफा उलट फिरवून तिच्या पाठीवर डागल्या, आणि इंग्रज सेनापती वेलस्लीला त्या पुन्हा जिंकाव्या लागल्या.

एरवी संगिनीचा वार फार थोड्यांना लागतो. अमेरिकन यादवी युद्धात नोंदलेल्या जखमांत संगीन आणि तलवार मिळून एक टक्काही भरत नाही. समोरचा बहुतेकदा आधीच पळतो.

पुढे बंदुका आखूड झाल्या. इंग्रजांच्या आखूड ली-एनफिल्ड रायफलची लांबी साडेचव्वेचाळीस इंच, जर्मन माउझरची 49 च्या आसपास. पल्ला भरून काढायला 1907 ची संगीन 17 इंच पात्याची केली. मुठीच्या टोकाची खाच रायफलच्या पुढच्या टोकावरच्या धातूच्या टोपणाखालच्या पट्टीवर सरकते आणि खटका बसतो. पण खाचेत चिखल अडकला की ती पूर्ण सरकत नाही आणि खटका अर्धवट लागतो. म्हणून 1916 पासून मुठीला आरपार भोक पाडलं, चिखल ढकलून काढायला. तिची कडीही नळीला न धरता टोपणाखालच्या खुंटीला धरते, त्यामुळे नळीवर ताण कमी येतो.

रशियन मोसिन रायफलची संगीन मात्र थेट नळीवरच बसते. ती रायफल संगीन चढवूनच नेमाला लावत. संगीन उतरवली की नळीचं थरथरणं बदलतं आणि गोळ्या एका बाजूला सरकतात. आज कोणी जुनी मोसिन झाडून ‘नेम चुकतो’ म्हणाला, तर पहिला प्रश्न हाच विचारावा: संगीन कुठे आहे?